वॉल स्ट्रीटच्या बेलआउटवरचं मतदान आणि अमेरिकन जनतेचा संताप, २००८ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, वॉल स्ट्रीटवरच्या बड्या बँकांना सरकारी पैशाने सावरण्यासाठी (यालाच बेलआउट म्हणतात) ७०० अब्ज डॉलरचं विधेयक आलं. तिच्या कनिष्ठ सभागृहाने, प्रतिनिधिगृहाने, ते आधी फेटाळलं आणि चार दिवसांनी मंजूर केलं. आपल्याकडे एखादी बँक अडचणीत आली की त्या दिवसांबद्दल हमखास विचारणा होते, म्हणून नेहमीचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये माझी मतंही मिसळली आहेत. ती कुठे आहेत हे ओळखायला अवघड जाणार नाही.

मतदान नेमकं कशावर होतं?

अमेरिकन बँकांनी घरकर्जांची गाठोडी बांधून त्यांवर रोखे काढले होते आणि ते जगभर विकले होते. घरांच्या किमती घसरल्या, हप्ते थकले आणि या रोख्यांची खरी किंमत काय, हेच कुणाला सांगता येईना. कुठल्या बँकेच्या तिजोरीत किती कचरा आहे हे माहीत नसल्यामुळे बँका एकमेकींनाही उसने पैसे देईनाशा झाल्या. तेव्हाचे अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांची योजना अशी, की सरकारने ७०० अब्ज डॉलरपर्यंतचे हे बुडीत रोखे विकत घ्यावेत आणि बँकांना मोकळं करावं.

पॉल्सन यांच्या खात्याने काँग्रेसला पाठवलेला पहिला मसुदा अवघा तीन पानांचा होता. त्यातल्या आठव्या कलमात म्हटलं होतं, की अर्थमंत्र्यांच्या निर्णयांचा फेरविचार कुठलंही न्यायालय किंवा प्रशासकीय यंत्रणा करू शकणार नाही. वाटाघाटींनंतर विधेयक शंभरावर पानांचं झालं. देखरेखीची व्यवस्था आली, बँकप्रमुखांच्या पगारावर थोडी बंधनं आली, पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. पण लोकांच्या डोक्यात बसली ती पहिली तीन पानंच.

७०० अब्ज डॉलर म्हणजे आपल्या हिशेबात किती?

तेव्हाच्या दराने सुमारे ३२ लाख कोटी रुपये. त्या वर्षीच्या भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पातला एकूण खर्च साधारण साडेसात लाख कोटींचा होता, म्हणजे त्याच्या चौपटीहून जास्त. अमेरिकेतल्या तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या वाट्याला अंदाजे २,३०० डॉलर.

हा आकडा आला कुठून, असं ‘फोर्ब्स’ने विचारलं तेव्हा ट्रेझरीच्या, म्हणजे पॉल्सन यांच्या अर्थखात्याच्या, प्रवक्तीने उत्तर दिलं, की तो कुठल्याही विशिष्ट माहितीवर आधारलेला नाही, आम्हाला फक्त खूप मोठा आकडा हवा होता. बाजाराला धीर द्यायचा म्हणून हे कदाचित बरोबरही असेल. पण दर महिन्याला पै-पैचा हिशेब लावणाऱ्या घरात हे वाक्य कसं ऐकलं गेलं असेल, याची कल्पना करा.

इतकी घाई कशासाठी होती?

१५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. (लेहमनचं मोठं कार्यालय पवईलाही होतं. पुढे जपानच्या नोमुराने तिथला कारभार घेतला.) दुसऱ्या दिवशी एआयजी ही विमा कंपनी बुडू नये म्हणून फेडरल रिझर्व्हने (थोडक्यात ‘फेड’, अमेरिकेची मध्यवर्ती बँक) ८५ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. त्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी या मनी मार्केट फंडात एका डॉलरचे ९७ सेंट झाले. हा फंड म्हणजे लोकांच्या लेखी बचत खात्याइतकाच सुरक्षित. तिथून पैसे काढून घ्यायला रांग लागली आणि पगारापाण्यासाठी अल्पमुदतीचं कर्ज काढणाऱ्या भल्या कंपन्यांचाही घसा कोरडा पडायला लागला.

१८ तारखेच्या संध्याकाळी पॉल्सन आणि फेडचे प्रमुख बेन बर्नान्की यांनी दोन्ही पक्षांच्या नेत्यांना बोलावून परिस्थिती सांगितली. बाहेर पडलेल्या नेत्यांचे चेहरे पांढरे पडले होते, असं तेव्हाच्या बातम्या सांगतात. घाई खोटी नव्हती, असं माझं मत आहे. पण पाच वर्षांपूर्वी याच सरकारने ‘वेळ नाही, विश्वास ठेवा’ म्हणत इराकवर स्वारी केली होती. दुसऱ्यांदा तोच सूर लागल्यावर लोकांनी कान टवकारले, यात नवल नाही.

लोक एवढे का चिडले?

कारणं एकावर एक साचलेली होती. वर्ष-दीड वर्षापासून लाखो कुटुंबांच्या घरांवर जप्ती येत होती आणि त्यांना सांगितलं जात होतं, की झेपत नव्हतं तर कर्ज घेतलं कशाला? तीच शहाणपणाची गोष्ट बँकांना लागू करायची वेळ आली, तेव्हा मात्र नियम बदलले. आपल्याकडे खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं एकाने आणि खवखव भलत्याच्याच घशाला, असं सरळ चित्र दिसत होतं.

त्यात पैसे मागायला आलेला माणूस कोण, तर पॉल्सन. मंत्री होण्याआधी ते गोल्डमन सॅक्स या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या गुंतवणूक बँकेचे प्रमुख होते. ओहायोचे डेमोक्रॅट खासदार डेनिस कुसिनिच यांनी सभागृहात विचारलं, की ही अमेरिकेची काँग्रेस आहे की गोल्डमन सॅक्सचं संचालक मंडळ? त्याच राज्यातल्या मार्सी कॅप्टर याही रोज उठून वॉल स्ट्रीटवर तुटून पडत होत्या. दुसऱ्या टोकाला टेक्सासचे रिपब्लिकन जेब हेन्सरलिंग म्हणत होते, की ही समाजवादाकडे नेणारी घसरगुंडी आहे. डाव्यांना श्रीमंतांची सोय दिसत होती आणि उजव्यांना सरकारचा हस्तक्षेप. दोघांच्या रागाचं मूळ वेगळं होतं, पण फोनवर सांगायचा निरोप एकच होता: ‘नको म्हणा.’

अर्थतज्ज्ञही गप्प नव्हते. शंभराहून जास्त प्राध्यापकांनी, त्यांत शिकागो विद्यापीठातले बरेच, काँग्रेसला पत्र लिहून तीन आक्षेप घेतले. योजना अन्याय्य आहे, ती संदिग्ध आहे आणि तिचे परिणाम दीर्घकाळ भोगावे लागतील. यांतले अनेक मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते होते. त्यामुळे ‘विरोध करणाऱ्यांना अर्थशास्त्र कळत नाही’ हा युक्तिवाद तेव्हाच लंगडा पडला.

शिवाय आठवं कलम. लोकांना रोखे, स्वॅप, लिक्विडिटी यातलं फारसं कळत नसेल, पण ‘कोर्टात जाता येणार नाही’ हे कुणालाही कळतं. माझ्या मते पॉल्सन यांनी त्या कलमाने जितकं नुकसान करून घेतलं, तितकं ७०० या आकड्यानेही झालं नाही.

हा राग खासदारांपर्यंत कसा पोचला?

फोनने आणि ई-मेलने. आठवडाभर वॉशिंग्टनमधली कार्यालयं अक्षरशः फोन उचलत बसली होती. प्रतिनिधिगृहाच्या संकेतस्थळावर इतका ताण आला, की बाहेरून येणाऱ्या ई-मेलवर मर्यादा घालावी लागली. त्या दिवसांत राजधानीत एक विनोद फिरत होता: आमच्याकडे येणारे फोन अगदी समसमान आहेत, निम्मे म्हणतात ‘नाही’ आणि उरलेले म्हणतात ‘मेलात तरी नाही’.

२५ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटजवळ निदर्शनं झाली. तिथला एक पुठ्ठ्याचा फलक प्रसिद्ध आहे. त्यावर बँकवाल्यांना उद्देशून ‘उड्या मारा’ असं लिहिलं होतं आणि पुढे एक सणसणीत शिवी. १९२९ च्या पडझडीनंतर दलालांनी खिडकीतून उड्या मारल्याच्या दंतकथा तिथे अजून सांगतात, त्याचा तो संदर्भ. रस्त्यावरची गर्दी तशी मोठी नव्हती. खरा लोंढा फोनच्या तारांमधून आला.

सगळे अमेरिकन विरोधात होते का?

नाही. प्रश्न कसा विचारला त्यावर उत्तर ठरत होतं. वित्तसंस्था आणि बाजार सुरक्षित ठेवण्यासाठी सरकारने अब्जावधी डॉलर गुंतवणं योग्य आहे का, असं जनमत चाचण्या घेणाऱ्या प्यू संस्थेने विचारलं तेव्हा ५७ टक्के हो म्हणाले आणि ३० टक्के नाही. त्याच सुमारास लॉस एंजेलिस टाइम्स आणि ब्लूमबर्गने विचारलं, की खासगी कंपन्यांना करदात्यांच्या पैशाने वाचवणं ही सरकारची जबाबदारी आहे का? तेव्हा ५५ टक्के नाही म्हणाले आणि ३१ टक्के हो. माणसं तीच, आठवडा तोच.

फरक एवढाच, की ज्यांना योजना ठीक वाटत होती ते खासदाराला फोन करायला बसले नाहीत. ‘धन्यवाद, बँका वाचवा’ असं सांगायला कोण फोन करतो?

२९ सप्टेंबरला काय घडलं?

सोमवार होता. दोन्ही पक्षांच्या नेतृत्वाने पाठिंबा दिला होता, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश आदल्या आठवड्यात दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले होते, बराक ओबामा आणि जॉन मॅकेन हे दोन्ही उमेदवार बाजूने होते. एवढं सगळं असून विधेयक २०५ विरुद्ध २२८ मतांनी पडलं. १४० डेमोक्रॅट बाजूने, ९५ विरोधात. रिपब्लिकनांमध्ये ६५ बाजूने आणि तब्बल १३३ विरोधात, म्हणजे बुश यांच्याच पक्षाने त्यांना तोंडघशी पाडलं.

मतदानाची वेळ संपल्यावरही यंत्र बराच वेळ सुरू ठेवलं होतं. वाहिन्यांवर एका बाजूला मतांचा फलक आणि दुसऱ्या बाजूला डाऊ जोन्सचा आकडा अशी दुभंगलेली चौकट दिसत होती. एकीकडे विरोधी मतं चढत होती, दुसरीकडे निर्देशांक कोसळत होता. दिवसअखेर डाऊ ७७७ अंकांनी खाली आला, तोपर्यंतची ती एका दिवसातली सगळ्यात मोठी अंकांची घसरण. अमेरिकन शेअर्सचं मूल्य एका दिवसात लाख कोटी डॉलरहून जास्त घटलं. ज्या योजनेवर भांडण चाललं होतं, तिच्या एकूण रकमेपेक्षाही जास्त.

मतांची फोड पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. पाच आठवड्यांवर निवडणूक होती. ज्यांची जागा धोक्यात होती अशा ३८ सदस्यांपैकी फक्त ८ जणांनी बाजूने मत दिलं, ३० जणांनी विरोधात. ज्यांना निवडणुकीची धास्ती नव्हती त्यांच्यात मात्र १९७ विरुद्ध १९८, म्हणजे जवळजवळ बरोबरी. विधेयक विचारधारेने पाडलं असं अनेक जण लिहितात, मला हे आकडे जास्त बोलके वाटतात.

सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या भाषणामुळे विधेयक पडलं, हे खरं का?

रिपब्लिकन नेत्यांनी तसं सांगितलं. पेलोसी यांनी मतदानाआधी बुश यांच्या आर्थिक धोरणांवर सडकून टीका केली होती. एरिक कँटर यांनी तर भाषणाची प्रतच पत्रकारांसमोर फडकावली. त्यावर डेमोक्रॅट बार्नी फ्रँक यांनी टोला हाणला, की कुणाच्या भावना दुखावल्या म्हणून ते देशाला शिक्षा करणार आहेत का? मला नावं द्या, मी त्यांच्याशी खूप गोड बोलतो. भाषणाने दोन-चार मतं हलली असतील. १३३ नाही.

चार दिवसांत लोकांचं मत बदललं का?

थोडं बदललं, पण पटल्यामुळे नव्हे तर घाबरल्यामुळे. अमेरिकेत सामान्य नोकरदाराची निवृत्तीची पुंजी शेअर बाजारात असते. सोमवारी संध्याकाळी अनेकांनी आपापलं खातं उघडून पाहिलं. मंगळवारपासून कार्यालयांत येणाऱ्या फोनांचा सूर मिश्र झाला, ‘काहीतरी करा’ म्हणणारेही आता बोलू लागले.

वरिष्ठ सभागृहाने, सिनेटने, १ ऑक्टोबरला विधेयक ७४ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केलं. त्यात बँक ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून अडीच लाख डॉलर केली आणि बऱ्याच करसवलती जोडल्या. विधेयक फुगून साडेचारशे पानांचं झालं. मुलांच्या खेळण्यातल्या लाकडी बाणांवरचा कर माफ करणारं कलमही त्यात होतं, आणि लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. बँका वाचवायला निघालेल्या विधेयकात धनुष्यबाण! वॉशिंग्टनला मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही, अडलेली मतं तिथे अशीच जमवतात.

३ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाने २६३ विरुद्ध १७१ मतांनी होकार दिला. पन्नासहून जास्त सदस्यांनी बाजू बदलली. नागरी हक्क चळवळीतले ज्येष्ठ नेते जॉन लुईस त्यांपैकी एक. ओबामांनी स्वतः फोन करून काहींची मनधरणी केली होती. बुश यांनी त्याच दिवशी सही केली.

आणि बाजार? त्या दिवशीही तो पडला. पुढच्या आठवड्यात डाऊ १८ टक्के घसरला. ‘बाजार वाचवण्यासाठी’ म्हणून मत बदललेल्या खासदारांना आपल्या मतदारसंघात याचं उत्तर देताना काय वाटलं असेल, ते असो.

मग पैसे बुडीत रोख्यांवरच खर्च झाले का?

नाही, आणि रागाचा दुसरा अंक इथून सुरू होतो. दहा दिवसांत योजना बदलली. ऑक्टोबरच्या मध्यावर पॉल्सन यांनी नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना एका टेबलाभोवती बसवलं आणि सरकारकडून भांडवल घ्यायला लावलं. त्या नऊ जणींना मिळून १२५ अब्ज डॉलर. नोव्हेंबरमध्ये पॉल्सन यांनी जाहीरच केलं, की रोखे विकत घेणार नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा बदल शहाणपणाचा होता, कारण भांडवल घातलं की बँक थेट सावरते. पण काँग्रेसला एक गोष्ट दाखवून तिचं मत घेतलं आणि पैसे भलतीकडे गेले, ही सल राहिली.

अटीही सैल होत्या. सप्टेंबरमध्ये गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी गोल्डमनमध्ये ५ अब्ज डॉलर घातले ते १० टक्के लाभांशावर. सरकारने पहिल्या पाच वर्षांसाठी मागितले ५ टक्के. कर्ज पुढे किती वाटलं, याचा तपशील देणंही बँकांवर सुरुवातीला बंधनकारक नव्हतं. हे सारं सांभाळायला ट्रेझरीने नेमलेले नील कश्कारी हे भारतीय वंशाचे, वय पस्तीस, आणि तेही गोल्डमनमधून आलेले. संशयाला आणखी काय हवं?

यात आपले विक्रम पंडित कुठे येतात?

अगदी मधोमध. नागपूरला जन्मलेले पंडित मुंबईत शिकले, सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेले आणि डिसेंबर २००७ मध्ये सिटीग्रुप या बड्या बँकेचे प्रमुख झाले. २००८ च्या जानेवारीत त्यांना पद्मभूषण जाहीर झाला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांना कोण आनंद! वर्ष संपायच्या आत सिटीला सरकारकडून आधी २५ आणि मग २० अब्ज डॉलर घ्यावे लागले, शिवाय ३०६ अब्ज डॉलरच्या मालमत्तेवर सरकारी हमी.

जानेवारी २००९ मध्ये बातमी फुटली, की सिटी सुमारे ५० दशलक्ष डॉलरचं नवं खासगी विमान घेते आहे. गदारोळ झाला आणि सौदा रद्द झाला. ११ फेब्रुवारीला आठ बँकप्रमुख प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे बसले. मॅसॅच्युसेट्सचे मायकेल कॅप्युआनो त्यांना म्हणाले, की आज तुम्ही सायकलवरून आल्यासारखे आलात, मदर तेरेसांना मदत करून आल्यासारखे, आणि सांगता की आम्हाला माफ करा. पण अमेरिकेचा तुमच्यावर विश्वास उरलेला नाही. पंडित यांनी तिथे सांगितलं, की नवं वास्तव मला कळलं आहे आणि बँक नफ्यात येईपर्यंत मी वर्षाला एक डॉलर पगार घेईन.

सिटी सावरली आणि सरकारला तिच्यातून १२ अब्ज डॉलरच्या वर नफा झाला. पण एप्रिल २०१२ मध्ये सिटीच्या भागधारकांनी पंडित यांच्या सुमारे १५ दशलक्ष डॉलरच्या मोबदल्याविरुद्ध मत दिलं आणि ऑक्टोबरमध्ये ते पायउतार झाले. बँक बुडवण्यात त्यांचा हात फारसा नव्हता, ते आले तेव्हा नुकसान होऊन गेलं होतं. पण लोकांना दिसत होता तो खुर्चीत बसलेला माणूस.

पैसे तर परत आले म्हणतात. मग लोकांचा राग चुकीचा होता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा टोमण्याच्या सुरात येतो.

पैसे आले, हे खरं. ७०० अब्जांची मर्यादा पुढे ४७५ वर आणली गेली, प्रत्यक्षात सुमारे ४४३ अब्ज दिले गेले. बँकांत घातलेल्या सुमारे २४५ अब्जांचे २७५ च्या आसपास परत आले. तोटा झाला तो मुख्यतः मोटार कंपन्यांमध्ये आणि घरमालकांच्या मदतीत. घरमालकांची मदत तर परत घ्यायची नव्हतीच. एकूण निव्वळ खर्च ३० अब्जांच्या आसपास. सरकारच्या खिशाला मोठं भोक पडणार, ही भीती चुकीची ठरली.

पण फोन करणाऱ्यांची तक्रार फक्त हिशेबाची नव्हती. संकटात कुणाला विनाप्रश्न हात मिळतो आणि कुणाला अर्ज, कागदपत्रं, नकारपत्र मिळतं, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो पैसे परत येऊनही तसाच उभा आहे. बँकांना भांडवल आठवड्यांत मिळालं. घरं वाचवण्याची सरकारी योजना तीस ते चाळीस लाख कुटुंबांना मदत करेल असं २००९ मध्ये जाहीर झालं. प्रत्यक्षात ती त्याच्या बरीच मागे राहिली. लोक कर्जवसुली कंपन्यांना तीच कागदपत्रं पुन्हा पुन्हा पाठवत राहिले आणि तोवर जप्ती होऊन गेली. मार्च २००९ मध्ये एआयजीने ज्या विभागाने कंपनी बुडवली त्यातल्या लोकांना १६५ दशलक्ष डॉलर बोनस दिला. प्रतिनिधिगृहाने चिडून अशा बोनसवर ९० टक्के कर लावणारं विधेयक ३२८ विरुद्ध ९३ मतांनी मंजूर केलं. सिनेटने ते घेतलंच नाही.

फेडरल रिझर्व्हने याहून जास्त पैसा दिला. त्यावर लोक का नाही चिडले?

कारण त्यावर मतदान झालं नाही. मार्च २००८ मध्ये बेअर स्टर्न्स या बुडत्या गुंतवणूक बँकेच्या विक्रीचा सौदा जुळवायला न्यूयॉर्क फेडने सुमारे ३० अब्ज डॉलर मागे उभे केले. सप्टेंबरमध्ये एआयजीचे ८५ अब्ज. ही मदत वाढत वाढत ट्रेझरीच्या वाट्यासह १८२ अब्जांपर्यंत गेली. फेडच्या कायद्यात ‘असाधारण आणि तातडीच्या’ परिस्थितीसाठी एक तरतूद आहे, तिच्या बळावर खासदारांची परवानगी न घेता हे तेव्हा करता येत होतं. कुजबुज झाली, अग्रलेख आले, पण फोन खणखणले नाहीत. फोन करायचा कुणाला?

७०० अब्जांच्या बाबतीत ४३५ नावं होती आणि प्रत्येकाचा नंबर होता. त्या वर्षी वाटलेल्या मदतीतला हा एकच मोठा भाग, जो लोकप्रतिनिधींना उघडपणे विचारून दिला गेला, ज्यावर देखरेख समिती बसली (एलिझाबेथ वॉरन देशाला ठाऊक झाल्या त्या याच समितीच्या अध्यक्ष म्हणून), ज्याचा हिशेब शेवटच्या डॉलरपर्यंत मांडला गेला. आणि शिव्या खाल्ल्या त्यानेच. राजकारण्यांनी यातून जो धडा घेतला तो मला अस्वस्थ करतो: पुढच्या वेळी विचारायचंच नाही.

बाजूने मत देणाऱ्यांना किंमत मोजावी लागली का?

लगेच नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये राग बुश यांच्या पक्षावर निघाला. दोन वर्षांनी मात्र वसुली झाली. युटाचे रिपब्लिकन सिनेटर बॉब बेनेट अठरा वर्षं पदावर होते. मे २०१० मध्ये त्यांच्याच पक्षाच्या राज्य अधिवेशनात प्रतिनिधींनी त्यांच्यासमोर बेलआउट योजनेच्या नावाचा घोष केला, ‘टार्प, टार्प, टार्प’, आणि त्यांना उमेदवारी नाकारली.

सरकारी खर्चाविरुद्ध उभ्या राहिलेल्या उजव्यांच्या टी पार्टी चळवळीलाही याच रागाचं इंधन मिळालं. गंमत म्हणजे, ठिणगी पडली ती बँकांवरून नव्हे. फेब्रुवारी २००९ मध्ये सीएनबीसी या वाहिनीचे रिक सँटेली शिकागोच्या सौदेबाजारात उभे राहून गरजले ते थकीत घरकर्जदारांना मदत करण्याविरुद्ध. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! डावीकडचा राग उशिरा, १७ सप्टेंबर २०११ ला, वॉल स्ट्रीटजवळच्या झुकोटी पार्कमध्ये तंबू ठोकून बसला.

तोवर लोक कोणी काय केलं हेही विसरले होते. जुलै २०१० मध्ये प्यूने विचारलं, ही योजना कुणाच्या काळात झाली? ४७ टक्क्यांनी ओबामांचं नाव घेतलं, ३४ टक्क्यांनी बुश यांचं.

आपल्याकडे संसदेत असं विधेयक पडू शकेल का?

जवळजवळ अशक्य. अमेरिकेत १३३ रिपब्लिकन आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध गेले आणि कुणाचंही सदस्यत्व गेलं नाही. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे मतदाराने खासदाराला हजार फोन केले, तरी त्याचं मत आधीच ठरलेलं असतं.

सरकारी बँकांत भांडवल घालण्यासाठी २०१७ मध्ये २.११ लाख कोटींची योजना जाहीर झाली. त्यातला मोठा हिस्सा रोख्यांतून आणि पुरवणी मागण्यांतून गेला, बहुतेकांना कळलंही नाही. मराठी मध्यमवर्गाला जवळून चटका बसला तो युनिट ६४ या यूटीआयच्या (युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाच्या) गुंतवणूक योजनेचा. जुलै २००१ मध्ये यूटीआयने त्याची खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा निवृत्तांच्या घरांत काय अवस्था झाली हे अनेकांना आठवत असेल. २००२ मध्ये सरकारने कायदा करून यूटीआयचे दोन तुकडे केले आणि गुंतवणूकदारांना हमीचे रोखे दिले. बेलआउटच तो, पण कुणी रस्त्यावर आलं नाही, कारण या वेळी वाचणारे आपणच होतो.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या वेळी उलट झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये खात्यातून आधी फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली. ठेवीदार मुंबईत रस्त्यावर आले, अर्थमंत्र्यांनाही त्यांनी गाठलं. उत्तर मिळालं, की बँकेचं नियमन रिझर्व्ह बँक करते. तिथेही फोन करायला नाव नव्हतं.

शेतकऱ्यांची कर्जमाफी आणि हा बेलआउट एकच नव्हे का?

योगायोगाने साल एकच. फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. पैसे शेवटी बँकांच्याच खात्यात गेले, कारण माफ झालेल्या कर्जाची भरपाई सरकारने बँकांना केली. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच होती. त्यामुळे विदर्भातला कोरडवाहू शेतकरी, ज्याच्याकडे जमीन जास्त पण पाणी नाही, त्यातला बराचसा बाहेर राहिला. ‘माफीने परतफेडीची सवय मोडते’ हे वाक्य तेव्हा प्रत्येक चर्चेत ऐकू यायचं. सहा महिन्यांनी सिटी आणि एआयजीच्या बाबतीत तेच वाक्य उच्चारायला हीच मंडळी बरीच कचरली.

आज पुन्हा असं संकट आलं तर?

दोनदा येऊन गेलं. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या वेळी सुमारे दोन लाख कोटी डॉलरचा कायदा सिनेटने ९६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. प्रतिनिधिगृहात तो आवाजी मतदानाने गेला. एका सदस्याने नावनिशीवार मतदानाची मागणी केली तर दोन्ही पक्ष त्याच्यावर उखडले. त्यात मोठ्या कंपन्यांसाठी शेकडो अब्ज होते, पण बहुसंख्य प्रौढांच्या खात्यात १,२०० डॉलरही येणार होते, म्हणून ओरड फारशी झाली नाही.

मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. तिच्यातल्या बहुतेक ठेवी अडीच लाख डॉलरच्या विमामर्यादेपलीकडच्या होत्या. ही तीच मर्यादा, जी २००८ च्या विधेयकात मतं जमवण्यासाठी वाढवली होती. १२ मार्चला, रविवारी, ट्रेझरी, फेड आणि ठेव विमा महामंडळाने संयुक्त पत्रक काढून सगळ्या ठेवी पूर्ण परत मिळतील असं सांगितलं. खर्च बँकांकडून विशेष आकारणी करून वसूल होणार होता. सोमवारी सकाळी ठेवीदारांना पैसे मिळायला लागले. काँग्रेसमध्ये या निर्णयावर मतदान झालं नाही.